अनुभव धागा : आपल्या धंद्याला जोड देणारी संकेतस्थळं तुम्ही फुकटात कशी शोधली?

गोदाकाठ (पैठण)

दसऱ्याची साफसफाई काढली अन् माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक दोनशे पानी वही सापडली. २०१९ ची. पुढून सासऱ्यांच्या अक्षरात मागाचा हिशोब, जर किती, रेशीम किती. मागून माझ्या अक्षरात ४३ साइटींची नावं. तिथंच खाली बसले, झाडू हातातच राहिला.

लेकरू झोपलं की मी रात्री फोन घेऊन बसायची. गुगलमध्ये इंग्रजीत रिलेटेड (related) लिहायचं, पुढं कोलन (:), पुढं एखाद्या मोठ्या साडीवाल्याचा पत्ता. तसल्याच साइटींची यादी समोर यायची. मग सिमिलरवेब नावाच्या, मिळत्याजुळत्या साइटी दाखवणाऱ्या साइटवर त्यातली एकेक टाकून आणखी नावं काढायची. ४३ जमली. सगळ्यांना मेल केले, की आमचा घरचा हातमाग आहे, एकमेकांची ओळख आपल्या गिऱ्हाइकांना करून देऊ. उत्तर एकाचंही नाही.

सासूबाई विणायच्या धाग्याच्या कांड्या भरत बसल्या होत्या. त्यांनी यादी वाचायला लावली अन् म्हणल्या, "अगं, ही समदी साड्याच इकणारी. ते तुझ्या मागाचा पत्ता कामून सांगतील?"

दुसऱ्या रात्री साडीचा नाद सोडला. पैठणी घेणारी बाई आणखी कुठं कुठं जाते ते शोधलं. "पैठणी ब्लाऊज डिझाईन", "नऊवारी नेसवून मिळेल" असं. तिसऱ्या पानावर पुण्याची एक ब्लाऊज शिवणारी ताई सापडली. तिच्या एका फोटोखाली बायका ब्लाऊज सोडून साडीचंच विचारत होत्या, कुठून घेतली, काठ कोणता. मेल केला नाही, फोनच केला. आज सहा वर्षं झाली. आम्ही तिला मुनिया काठाचे, नारळी काठाचे नमुने पाठवतो, ती आमचं नाव सांगते अन् आम्ही शिलाईला तिचं.

तुम्ही कसं शोधलं? लिहा ना.

मोसंबीचा बाग (जालना)

ताई तुमच्या सासूबाईंना दंडवत.
आमच्या मोसंबीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वाटलं आता जग विचारत येईल. कोण येतंय. मी तर साइटी शोधल्याच नाहीत, गुगल मॅप्स उघडला. संभाजीनगर, पुणे, नाशिक, एकेका शहरात "ज्यूस सेंटर" टाकायचं, ज्यांच्या पानावर स्वतःची साइट लावलेली आहे तेवढीच घ्यायची. अन् प्रतिक्रिया वाचायच्या. "रस कडू लागला" असं कुणी लिहिलं असलं की त्याच दुकानाला फोन. मोसंबी पिळून ठेवली की कडवट होतीच, ताजी पिळायची. हे सांगितलं की माणूस ऐकून घेतो. फवारणीला जायचंय, बाकी रात्री.

नांदेडचा संगणकवाला

गोदाकाठताई, ते रिलेटेड कोलन आता चालत नाही, गुगलनं काढून टाकलं. कोण कुणाला दुवा देतंय ते बघायचं लिंक कोलन तर २०१७ लाच गेलं.

मला आठवते ती अलेक्सा. बोलणारा डबा नव्हे, जुनी साइट. १९९६ ची. कोणत्याही साइटचा क्रमांक अन् तिच्यासारख्या साइटी दाखवायची. कॉलेजात असताना कॅफेत तासाचे पैसे भरून मी तेच बघत बसायचो. २०२२ ला १ मे रोजी बंद झाली. महाराष्ट्र दिन होता म्हणून तारीख डोक्यात पक्की बसली. वाईट वाटलं होतं, खरंच.

साइट कोलन मात्र अजून जोरात आहे. साइट, कोलन, पत्ता, मग एक जागा सोडून "पैठणी". त्या एका साइटवर पैठणीबद्दल काय काय लिहिलंय ते सगळं निघतं. फोन लावायच्या आधी एवढं वाचलेलं असावं.

शुभदा_परभणी

विषय थोडा सोडून विचारते. भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. हातमागाची पैठणी ओळखायची कशी? दुकानात सगळेच खरी म्हणतात.

गोदाकाठ (पैठण)

शुभदाताई, पदर उलटा करा. हातानं विणलेल्या पदराची नक्षी मागून पण पुढच्यासारखीच दिसती. मागून सुटे धागे लोंबत असले, नाहीतर कापलेले दिसले, तर ती यंत्राची. दिवाळीनंतर या, माग चालू असतोच. मार्गशीर्षासाठी भरलेल्या पदराची नवी साडी आता विणून व्हायची नाही, तयार असलेल्यातली बघू.

डाळमिल (लातूर)

लई मनापासून लिहिलंत ताई. माझा अनुभव कडू आहे पण लिहितो, कुणाच्या तरी कामाला येईल.

बोरसुरीच्या तुरीला २०२४ ला मानांकन मिळालं, तेव्हापासून आमी घरची डाळ पाकिटात विकायलोय. पाककृतीच्या साइटी शोधताना एकाचा मेल आला. आमच्याकडं महिन्याला लाखभर वाचक, ५००० द्या, तुमचा दुवा टाकतो. टाकला बी. दोन महिन्यांत त्या दुव्यावरून एक माणूस आलं नाही. मग पुतण्यानं वेबॅक मशीनवर त्या साइटचं जुनं रूप काढलं. दोन वर्षांमागं तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं! नाव सुटलं, ह्यानं उचललं, अन् वर वरणाचे फोटो चिकटवले. पैसे गेले. त्या पैशात बारदाना आला असता. आता कुणाशी बी बोलायच्या आधी वेबॅकवर बघतो, अन् हूइज (whois) वर डोमेन, म्हंजी साइटचं नाव, कधी घेतलंय ते बी. दोन्ही फुकट आहेत.

नांदेडचा संगणकवाला

दादा वाईट झालं. आणखी एक, पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो अशी खूण लावावी असा गुगलचा नियम आहे. न लावता विकत घेतला तर गुगलच्या यादीत वर जायचं राहिलं, आपलीच साइट खाली ढकलली जाऊ शकते. जोडी करायची तर उघड करा.

हळदकुंकू (वसमत)

लाईट आत्ता आली, पटकन लिहिते. गुगल ट्रेंड्स बघा, कोणता शब्द लोक कधी जास्त शोधतात ते त्यात दिसतं. त्यातले १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत, निवडलेल्या काळातला सगळ्यात उंच दिवस म्हणजे १००. मला हे कळायला दोन महिने लागले. हळद, हल्दी, दोन्ही टाकून बघा, अन् इंग्रजी अक्षरांत पण, लोक तसंच टाइप करतात. फार कमी शोधला जाणारा शब्द असला तर ते काहीच दाखवत नाही, तेव्हा "लोणचं" टाकलं. दर उन्हाळ्यात उसळी. म्हणून मार्चमध्येच लोणच्याचे व्हिडिओ करणाऱ्या दोघींना गाठलं अन् अर्धा अर्धा किलो नवी हळद पाठवली. एकीनं बरणीत हळद घालताना आमचं पाकीट हातात धरून दाखवलं. पाकीट जरा दुमडलं होतं तरी माझ्या आईला रडू आलं. ती आयुष्यभर हळद शिजवत आली आहे.

मोसंबीचा बाग (जालना)

आईंना नमस्कार सांगा. हळद वाळली का ओ औंदा?

हळदकुंकू (वसमत)

दादा, आत्ता तर शेतात उभी आहे, काढायला फेब्रुवारी उजाडेल.

वेरूळचा ओटा

आमच्याकडं पाहुण्यांना राहायला चार खोल्या आहेत. प्रवासाबद्दल लिहिणाऱ्यांना मी खूप मेल टाकले, "आमच्याबद्दल लिहा". कोण लिहितंय.

एकदा दारात सोलापूरचं एक कुटुंब आलं, म्हातारे आजोबा काठी टेकत. मंगळवार होता. लेणी बंद. त्यांनी कुठल्यातरी साइटवर वाचलं होतं सोमवारी बंद असतात. सोमवारी अजिंठा बंद असतो, वेरूळ मंगळवारी. आजोबा रस्त्यावरून दिसतं तेवढं बघत उभे राहिले. मला ते सहन होईना, घृष्णेश्वराला नेलं, जेवू घातलं.

त्या रात्री अवतरणचिन्हांत "वेरूळ सोमवारी बंद" टाकून शोधलं, इंग्रजीतही. चूक छापणारी ११ पानं निघाली. सगळ्यांना दोन ओळी लिहिल्या, वार दुरुस्त करा, म्हातारी माणसं हेलपाटा खातात. खोल्यांचा उल्लेख सुद्धा केला नाही. सात जणांनी दुरुस्त केलं. त्यातल्या तिघांनी उलट विचारलं, तुम्ही तिथलेच का, आणखी सांगा. आज आमचे निम्मे पाहुणे त्या तिघांकडून येतात. गुगल लेन्सवर आमच्या ओट्याचा फोटो टाकून पण एक जण सापडला, त्यानं फोटो न विचारता वापरला होता. भांडलो नाही, नाव टाकायला सांगितलं. टाकलं.

गोदाकाठताई, पाहुणे रोज विचारतात की पैठणी विणताना बघायची कुठं. मी मोघम पैठण सांगतो.

शुभदा_परभणी

हे वाचून गलबलून आलं दादा. आमचे वडील पण असेच एकदा बंद दारावरून परतले.

गोदाकाठ (पैठण)

वेरूळचे दादा, वहीत ४३ च्या खाली ४४ वं नाव आत्ता तुमचं लिहिलं. सासूबाई विचारतात की पाहुण्यांना चहा चालतो ना, कांड्या भरून बघायच्या असल्या तर त्या शिकवतील. नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय. उद्या मंगळवार आहे, तुम्ही जरा मोकळे असाल. दुपारी फोन करते.