शब्दचर्चा : कुस्ती कंपन्यांचं ‘टॅलेंट शेअरिंग’, भागीदारी की उसनवारी?

पानगळ

प्रो रेसलिंगमध्ये, म्हणजे निकाल आधी ठरवून करमणुकीसाठी केलेल्या कुस्तीत, दोन कंपन्या एकमेकींचे रेसलर वापरतात, त्याला ‘टॅलेंट शेअरिंग पार्टनरशिप’ म्हणतात. डब्ल्यूडब्ल्यूई आणि टीएनए या अमेरिकन कंपन्यांनी जानेवारी २०२५ मध्ये असा अनेक वर्षांचा करार जाहीर केला. जपानची न्यू जपान आणि अमेरिकेची एईडब्ल्यू यांचं २०२१ पासून चालू आहे, न्यू जपान आणि मेक्सिकोच्या सीएमएलएलचं त्याहून जुनं. शब्दाला शब्द ठेवला तर ‘प्रतिभा सामायिकीकरण भागीदारी’ होतं, आणि त्यातून कुस्तीचा काहीच बोध होत नाही. भाषांतरात या सगळ्या प्रकारांना पुरेल असा एक मराठी शब्द आहे का? नुसतं ‘भागीदारी’ लिहिलं तर चालेल?

तळटीप

‘भागीदारी’ नको. भागीदारीत भांडवल एकत्र येतं आणि नफातोटा वाटला जातो. इथे बहुतेक वेळा तसं काही होत नाही. रेसलरचा मूळ करार त्याच्या घरच्या कंपनीकडेच राहतो. दुसरी कंपनी ठरावीक तारखा मागून घेते. त्या तारखांचं मानधन, विमानाचं तिकीट, हॉटेल, दुखापत झाली तर उपचार, यातलं कोणी काय द्यायचं हे वेगळं ठरतं. गेटवरचा गल्ला ज्याचा शो त्याचा.

‘प्रतिभा’ही नको. या धंद्यात ‘टॅलेंट’ म्हणजे अंगचा गुण नव्हे, कामावर असलेली माणसं. नाटकवाल्यांकडे त्यासाठी ‘संच’ हा नेमका शब्द आहे. ‘अमुक कंपनीच्या संचातला रेसलर’ म्हटलं की रोस्टर (कंपनीच्या रेसलरांची यादी) हा शब्दही आपोआप भागतो.

आणि ‘शेअरिंग’साठी मी ‘उसनवारी’ सुचवेन. कर्ज व्याजासकट फेडायचं असतं, उसनं मात्र घेतलं तसंच परत करायचं. वाटीभर साखर नेली तर वाटीभर साखरच परत येते. कुस्ती कंपन्यांचा सगळा जीव याच अटीत अडकलेला असतो, की आमचा माणूस ज्या तोलामोलाचा पाठवला त्याच तोलामोलाचा परत आला पाहिजे. त्याचं हाड मोडता कामा नये, आणि पडद्यावरची त्याची किंमतही उतरता कामा नये.

खासबागी

‘उसनवारी’चा अर्थ पटतो, पण मराठीत ‘उसना’ विशेषण म्हणून आला की खोटेपणाची छटा येते. उसनं अवसान, उसनं हसू. ‘उसना चॅम्पियन’ असं छापलं तर वाचणारा वेगळंच समजेल. आपल्याकडे अशा कुस्तीला आधीच ‘नुरा’ म्हणून हिणवलं जातं, त्यात ही भर नको. क्रियापद ठेवा, विशेषण टाळा : ‘न्यू जपानने अमुक रेसलर दोन शोंसाठी उसना दिला’ हे चालेल, ‘उसना रेसलर’ नको. तिथे ‘पाहुणा’ बरा.

तळटीप

मान्य. ‘पाहुणा’ आणि ‘यजमान’ ही जोडी घेतली तर वाक्यंही सोपी होतात. पाहुण्याची कंपनी आणि यजमान कंपनी.

चौथा कोपरा

पण एकच शब्द सगळ्यांना लावायचा अट्टहास का? व्यवहार निदान चार तऱ्हेचे आहेत आणि त्यांत बिघडतं तेही वेगवेगळं.

पहिला म्हणजे नवख्याला बाहेर शिकायला पाठवणं. न्यू जपानच्या डोजोत, म्हणजे तालमीत, तयार होणाऱ्या ‘यंग लायन’ला सुरुवातीला काळी चड्डी, काळे बूट आणि मोजकेच डाव एवढंच मिळतं. मग त्याला परदेशी पाठवतात. इंग्रजीत त्याला ‘एक्सकर्शन’ म्हणतात, आणि त्यावरून ‘सहल’ लिहिलं तर अर्थाचा अनर्थ होतो. जपानीत ‘कायगाई मुशा शुग्यो’ म्हणतात, म्हणजे तलवारबाजाने गावोगाव हिंडून विद्या कमावणं. मराठीत याला ‘देशाटन’ हा तयार शब्द आहे. शाळेत पाठ केलेल्या आर्येमुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आणि हिंडण्यातून शहाणपण येतं हा अर्थही त्यातच आहे.

देशाटन फसलं तर काय होतं याचं ठळक उदाहरण न्यू जपानचा काझुचिका ओकाडा. २०१० मध्ये तो टीएनएकडे गेला. तिथे त्याला मुखवटा चढवून ‘ओकाटो’ नावाचा मदतनीस केलं, मोठ्या लढती दिल्याच नाहीत. न्यू जपानला ते लागलं आणि दोन कंपन्यांचे संबंध तुटले. जानेवारी २०१२ मध्ये ओकाडा परतला आणि १२ फेब्रुवारीला तेव्हाचा विजेता हिरोशी तानाहाशी याला हरवून वयाच्या २४ व्या वर्षी न्यू जपानच्या मुख्य बेल्टचा, म्हणजे अजिंक्यपदाचा, मानकरी झाला. यजमानाने पाहुणा ओळखला नाही, एवढंच.

उलट न्यू जपानचाच तेत्सुया नाइतो २०१५ मध्ये सीएमएलएलकडे गेला तेव्हा नवखा नव्हता, पण प्रेक्षकांनी नाकारलेला होता. मेक्सिकोत ‘लोस इंगोबेरनाब्लेस’ गटात राहून त्याने बेफिकीर चाल उचलली, त्याच गटाची जपानी शाखा काढली आणि पुढची कित्येक वर्षं न्यू जपानचा सर्वांत लाडका रेसलर राहिला. सीएमएलएलचे लोक २०११ पासून जानेवारीत ‘फँटास्टिकामानिया’ दौऱ्यासाठी जपानला येत होतेच. तो रुळलेला रस्ता होता, म्हणून हे जमलं.

पानगळ

‘देशाटन’ फार आवडला, घेतला. दुसरा प्रकार कोणता?

चौथा कोपरा

दुसरा, एकतर्फी उसनवारी. याचं उदाहरण पुण्यातच आहे. टीएनएने एंडेमॉल इंडियाबरोबर ‘रिंग का किंग’ हा कुस्तीचा टीव्ही कार्यक्रम उभा केला, डिसेंबर २०११ मध्ये बालेवाडीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये चित्रीकरण झालं आणि २८ जानेवारी २०१२ पासून तो कलर्सवर दिसू लागला. मॅट मॉर्गन, स्कॉट स्टायनर, जेफ जॅरेट, अॅबिस, सोंजय दत्त ही मंडळी टीएनएची आणि त्यांच्यासमोर महाबली वीरासारखे भारतीय. इथे देवाणघेवाण नव्हती, एका बाजूकडून माणसं, मांडणी आणि अनुभव आला. वीरा मात्र पुढे टीएनएत गेला, ‘महाबली शेरा’ नावाने. अशा ठिकाणी ‘शेअरिंग’ म्हणणंच चुकीचं.

तिसरी खरी देवाणघेवाण, म्हणजे आज तुमचा आमच्याकडे, उद्या आमचा तुमच्याकडे. चौथा, दोघांच्या नावावर एकच शो.

तळटीप

चौथ्याला ‘संयुक्त’. यावर वादच नको, कारण मराठी रंगभूमीने तो शब्द १९२१ मध्येच पक्का केला आहे. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या, आणि तो प्रयोग आजही ‘संयुक्त’ हे विशेषण लावूनच ओळखला जातो. दोन्हीकडचे मुख्य गडी समोरासमोर, गावभर चर्चा, आणि कोण कोणावर मात करतो याची उत्सुकता. एईडब्ल्यू आणि न्यू जपान यांचा ‘फॉरबिडन डोअर’ हा शो हुबेहूब तेच आहे.

खासबागी

‘फॉरबिडन डोअर’चं काय करायचं? तानाहाशीच्या तोंडून ‘किंदान नो तोबिरा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, त्याचं हे इंग्रजी. शोचं नाव म्हणून येईल तिथे तसंच ठेवावं. सामान्य अर्थाने आलं तर ‘निषिद्ध दार’ पुस्तकी वाटतं. ‘उंबरठा ओलांडणे’ पुरे : ‘फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यू जपानच्या केंटाने एईडब्ल्यूचा उंबरठा ओलांडला.’

उंबरातळी

शब्द ठरवताना कागदावरचं काम विसरू नका, भाषांतरात चुका तिथेच होतात.

‘बुकिंग’चे या धंद्यात दोन अर्थ आहेत. एक म्हणजे तारखा बांधणं. याला आपल्याकडे नाटकात ‘तारखा’ आणि तमाशाच्या फडात ‘सुपारी’ म्हणतात. दुसरा अर्थ, कोण जिंकणार, कसं जिंकणार, पुढची कथा काय, हे ठरवणं. इथे ‘सुपारी’ लिहिलं तर मारेकऱ्याची वाटेल. दुसऱ्या अर्थी ‘बुकिंग’ तसंच ठेवा किंवा सरळ ‘निकाल आणि कथा ठरवणं’ लिहा. उसनवारीत हे दोन अर्थ दोन वेगळ्या माणसांच्या हातात असतात. तारखा घरची कंपनी देते, निकाल यजमान सुचवतो, पण घरच्या कंपनीच्या होकाराशिवाय तो पक्का होत नाही.

हा होकार मिळावा म्हणून काही ठरलेल्या वाटा आहेत. बेल्ट पणाला न लावता लढत. चौघांची किंवा सहा जणांची लढत, म्हणजे मोठा पाहुणा रिंगमध्ये असतो पण खांदे दुसऱ्याचे टेकतात. २६ जून २०२२ ला शिकागोतल्या पहिल्या फॉरबिडन डोअरमध्ये न्यू जपानच्या जे व्हाइटचा बेल्ट चौरंगी लढतीत होता, समोर त्याच कंपनीचा ओकाडा आणि एईडब्ल्यूचे हँगमन पेज आणि अॅडम कोल. व्हाइटने कोलला टेकवलं. ओकाडा हरला, पण कोणी त्याला हरवलं नाही. इंग्रजीत यालाच ‘प्रोटेक्ट’ करणं म्हणतात. मराठीत ‘संरक्षण’ नको, ‘मान राखणं’ किंवा ‘किंमत राखणं’ लिहा.

व्हिसा हा दुसरा अडथळा. अमेरिकेत बाहेरचा रेसलर साधारणपणे ओ-१ किंवा पी-१ वर येतो. अर्ज तिथल्या कंपनीला किंवा एजंटला करावा लागतो आणि सोबत कामाचं वेळापत्रक द्यावं लागतं. एका कंपनीच्या अर्जावर मिळालेल्या व्हिसावर दुसरीचं काम आपोआप करता येत नाही. म्हणून ‘रेसलर मोकळा आहे’ आणि ‘रेसलरला तिथे काम करता येतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ मजकुरात ‘अव्हेलेबल’ आला की त्यातलं नेमकं काय म्हणायचंय ते बघूनच लिहा.

वेळापत्रकाचंही तसंच. न्यू जपानची जी-१ स्पर्धा जुलै–ऑगस्टमध्ये चालते, तेव्हा त्यांचे बिनीचे गडी मिळत नाहीत. फॉरबिडन डोअर पहिली तीन वर्षं जूनअखेर होता आणि २०२५ मध्ये २४ ऑगस्टला लंडनमध्ये झाला, म्हणजे जी-१ संपल्यावर. आणि इतकी काळजी घेऊनही जाहीर झालेली जोड टिकेलच असं नाही. २०२२ च्या त्या शोआधी एईडब्ल्यूचे सीएम पंक आणि ब्रायन डॅनियलसन, आणि न्यू जपानचा तोमोहिरो इशी तिघेही दुखापतीमुळे बाहेर गेले. पुढच्या वर्षी टोरोंटोत ओकाडाशी लढताना डॅनियलसनच्या हाताचं हाड मोडलं. जिंकला तोच, पण त्यानंतर बरेच आठवडे तो रिंगबाहेर राहिला. दुसऱ्या कंपनीच्या माणसाशी लढताना झालेल्या अशा दुखापतीच्या उपचाराचा खर्च कोणीही केला, तरी तेवढे आठवडे आपल्या माणसाविना काढण्याची किंमत घरची कंपनी भरते.

पानगळ

बेल्ट दुसऱ्या कंपनीच्या माणसाकडे गेला तर? त्यालाही उसनाच म्हणायचं?

उंबरातळी

नाही, बेल्टसाठी ‘अनामत’ हा शब्द लागतो, आणि तो अलंकारिक नाही. एनडब्ल्यूए ही १९४८ मध्ये आयोवातल्या वॉटरलू इथे जमलेल्या प्रमोटरांची संघटना. प्रत्येकाचा इलाखा वेगळा, पण जगज्जेता एकच, आणि तो सगळ्यांच्या इलाख्यांत फिरायचा. टॅलेंट शेअरिंगचा पाया तोच. बेल्ट घेऊन जगज्जेता पळून जाऊ नये म्हणून त्याच्याकडून रक्कम ठेवून घेत. १९९१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कंपनीने तेव्हाचा जगज्जेता रिक फ्लेअर याला काढलं, पण त्याची २५,००० डॉलरची अनामत परत केली नाही. म्हणून तो बेल्ट घेऊनच प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) टीव्हीवर दिसला.

न्यू जपानचा यूएस बेल्ट हे दुसरं उदाहरण. एईडब्ल्यूच्या जॉन मॉक्सलीने जून २०१९ मध्ये तो जिंकला. ऑक्टोबरात हागिबिस वादळामुळे त्याला जपानला पोहोचता आलं नाही, म्हणून बेल्ट काढून घेतला. ४ जानेवारी २०२० ला परत जिंकला, मग महामारीत सीमा बंद झाल्या आणि वर्षभराहून जास्त काळ बेल्ट पणालाच लागला नाही. जुलै २०२१ मध्ये लान्स आर्चरने तो मॉक्सलीकडून घेतला, तेही एईडब्ल्यूच्या शोमध्ये. पाहुण्याला बेल्ट देताना पुढची लढत कुठे आणि कधी, हे आधी लिहून ठेवावं लागतं ते यासाठी. टीएनएच्या बाबतीत वेळ कमी लागला : डब्ल्यूडब्ल्यूईच्या ट्रिक विल्यम्सने मे २०२५ मध्ये एनएक्सटी या डब्ल्यूडब्ल्यूईच्याच शाखेच्या शोत टीएनएचा मुख्य बेल्ट घेतला, ऑक्टोबरात टीएनएच्या माइक सॅन्टानाने तो परत आणला.

खासबागी

एक पाचवी तऱ्हाही आहे, जिला वरवर बघणारे भागीदारीच समजतात. ९ ऑक्टोबर १९९५, टोकियो डोम, न्यू जपान विरुद्ध यूडब्ल्यूएफआय ही दुसरी जपानी कंपनी. यूडब्ल्यूएफआयची सगळी पत ‘आमची कुस्ती खरीखुरी’ या दाव्यावर उभी होती. त्यांचा म्होरक्या नोबुहिको ताकादाला न्यू जपानच्या केइजी मुतोने फिगर फोर हा पायांना तिढा घालणारा डाव लावून शरण आणलं, म्हणजे ज्या दिखाऊ डावाला ते हसत त्याच डावाने. पुढे जानेवारीत ताकादाने मुतोकडून न्यू जपानचा मुख्य बेल्ट जिंकला, तरी गेलेली पत भरून आली नाही. डिसेंबर १९९६ मध्ये यूडब्ल्यूएफआय बंद झाली. जपानीत याला ‘ताइकोसेन’ म्हणतात. मराठीत ‘सामना’ फार सपक, मी ‘फडाविरुद्ध फड’ लिहीन. तमाशा आणि कुस्ती दोन्हीकडे ‘फड’ चालतो, आणि यात एक फड मोडू शकतो हेही त्यातून कळतं.

चौथा कोपरा

‘फड’ उत्तम. आणि पानगळ, यादीत एएएचं नाव आलं तर सांभाळा. एप्रिल २०२५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने ती मेक्सिकन कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा तिथून माणसं आली तर ती उसनवारी नाही, एकाच मालकाकडची बदली आहे. तसंच ओकाडा, विल ऑस्प्रे, जे व्हाइट हे आधी न्यू जपानचे पाहुणे म्हणून एईडब्ल्यूत दिसले आणि २०२३–२४ मध्ये तिथलेच झाले. त्या तारखेनंतरच्या वाक्यात ‘पाहुणा’ राहून गेला तर चूक होईल.

पानगळ

मग वाक्य असं करते : ‘टीएनए आणि डब्ल्यूडब्ल्यूई यांच्यात रेसलरांच्या देवाणघेवाणीचा करार आहे, पाहुण्याचा मूळ करार त्याच्या घरच्या कंपनीकडेच राहतो.’ शीर्षकात ‘उसनवारी’, आत ‘देवाणघेवाण’.

तळटीप

ठीक. फक्त ‘रेसलरांच्या’ऐवजी ‘संचातल्या रेसलरांच्या’ करा, म्हणजे करार कंपन्यांचा आहे, माणसांनी परस्पर केलेला नाही, हे पहिल्याच वाक्यात कळेल.