टूथपेस्टमध्ये नॅनो झिंक ऑक्साइड हवंच कशाला?

दंतकथा (धागाकर्ती)
झिंक, टायटॅनियम, तांबं यांच्या ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स या जंतूला मारतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलंय. तेवढ्यावरून 'रोजच्या पेस्टमध्ये घाला' म्हणणं मला अजिबात पटत नाही. अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) थाळीत जंतू न वाढलेलं वलय दिसतं, ते पट्टीने मोजलं की निष्कर्ष तयार! मुळात कण अगारमधून फारसे सरकत नाहीत, सरकतात ते त्यांच्यातून सुटलेले आयन, म्हणजे धातूचे विद्युतभारित अणू. आणि तोंडात जंतू मोकळे नसतात, दातावर चिकट थर करून राहतात. तिथे औषध आत शिरतानाच निम्मं दमतं.

रसायनी
असहमत. झिंक ऑक्साइड तोंडाला नवं नाही. काचेच्या पट्टीवर लवंगेच्या युजेनॉलमध्ये ती पांढरी पूड घोटून दातात भरण्याला शंभरहून जास्त वर्षं झाली. कण बारीक केला की पृष्ठभाग वाढतो, आयन जास्त सुटतात, क्रियाशील ऑक्सिजन (पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची रूपं) तयार होतो, जंतूचं आवरण फाटतं. एकदम इतक्या बाजूंनी मार बसल्यावर जंतूंमध्ये औषधाला प्रतिरोध सहजी येत नाही.

दंतकथा
भरलेलं सिमेंट दातात घट्ट बसतं, पेस्ट रोज दोनदा हिरडीवर घासली जाते. फरक आहे ना? तो क्रियाशील ऑक्सिजन जंतू आणि हिरडीची पेशी असा भेद करत नाही. प्रतिरोधाचं म्हणाल, तर जादा झिंक बाहेर फेकणारे पंप कित्येक जंतूंकडे आधीपासून आहेत.

चिऊची आई
माझी चार वर्षांची मुलगी पेस्ट गिळते. टायटॅनियम डायऑक्साइडवर युरोपात बंदी आहे म्हणे?

रसायनी
ताई, ती बंदी खाद्यपदार्थांतल्या ई१७१ रंगावर (म्हणजे याच टायटॅनियम डायऑक्साइडवर), २०२२ ची. जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये म्हटलं. उलट जागतिक आरोग्य आणि अन्न संघटनांच्या (डब्ल्यूएचओ-एफएओ) तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये रोजच्या सेवनाला मर्यादा घालायची गरज नाही असं सांगितलं. एवढ्यावर घाबरून जाऊ नका.

दंतकथा
घाबरू नका, पण वाटाण्याएवढीच फ्लोराइड पेस्ट द्या आणि थुंकायला शिकवा. रसायनी, रूट कॅनालच्या सीलरमध्ये (दाताच्या मुळातली पोकळी बंद करणाऱ्या लुकणात) नॅनोकण वापरून बघायला माझी ना नाही, तिथे एन्टेरोकोकस फीकॅलिस हा चिवट जंतू खरंच छळतो. पेस्टसाठी मात्र एकच मागणी: ज्या मात्रेत तो चिकट थर मरतो, त्याच मात्रेत हिरडीच्या पेशी जगतात का, हे एकाच कोष्टकात दाखवा. तेही लाळ घालून.

रसायनी
लाळेची अट मान्य. पण हाच निकष माउथवॉशमधल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाला लावा, तेही पेशींना त्रास देतंच. तरी आपण ते लिहून देतोच ना?

दंतकथा
देतो, पण थोडे दिवस. पेस्ट जन्मभर असते.