मदत हवी आहे: अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सचा लूप दोन सेकंदांत बिघडतो, आरशावर बुद्धिबळाचा पट!

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी चिलीतल्या पारानालच्या ८.२ मीटर व्हीएलटी दुर्बिणीवर जी स्फिअरची अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स (हवेमुळे बिघडलेली ताऱ्याची प्रतिमा आरसा वाकवून सुधारणारी) सिस्टीम आहे तिच्यासारखी पायथॉनमध्ये सिम्युलेट करतोय. ४० बाय ४० चा शॅक-हार्टमन सेन्सर (छोट्या भिंगांच्या, म्हणजे लेन्सलेटच्या, जाळीने प्रकाशलहरीचा उतार मोजणारा), १३७७ अ‍ॅक्चुएटरचा (आरसा मागून वर-खाली करणाऱ्या दांड्यांचा) डिफॉर्मेबल मिरर, लूप १२०० हर्ट्झ, साधा इंटिग्रेटर (दर फेरीतली दुरुस्ती आधीच्यात मिळवत जाणारा), गेन (दर फेरीत चुकीचा किती भाग दुरुस्त करायचा) ०.५. अ‍ॅक्चुएटर लेन्सलेटच्या चारही कोपऱ्यांवर येतात.

भानगड अशी की लूप क्लोज केला की पहिले अर्धा सेकंद सगळं झकास, तारा छान टिंबासारखा आवळून येतो, मग स्ट्रेल (प्रतिमा किती तीक्ष्ण त्याचं माप) हळूहळू घसरतो आणि ताऱ्याच्या चार कोपऱ्यांत तिरपे चार ठिपके उगवतात. आणि सेन्सर म्हणतोय सगळं ठीक, स्लोपचा (उताराचा) आरएमएस जागचा हलत नाही!! मिररचा आकार प्लॉट केला तर एक अ‍ॅक्चुएटर वर, शेजारचा खाली, परत वर...

आधी वाटलं गेन जास्त झाला, पण डिले २ फ्रेमचा आहे म्हणजे १ पर्यंत तरी लूप फुटायला नको, आणि ०.२ करून पण तेच होतं, फक्त उशिरा. आर-नॉट (हवा किती शांत त्याचं माप) १० सेंमीचा १५ केला, ढिम्म. नॉइज शून्य केला की मात्र रोग गायब. कंट्रोल मॅट्रिक्स (सेन्सरच्या मापांवरून अ‍ॅक्चुएटरचे आदेश काढणारा) सरळ पिन्व्हने (स्यूडो-इन्व्हर्सने) काढलाय. चार दिवस डोकं फोडतोय, कुणी बघेल का?

प्रतिसाद १:
वॅफल मोड (आरशाचा बुद्धिबळाच्या पटासारखा आकार) आहे हा. लेन्सलेटला त्याच्या चौकोनातला सरासरी उतार तेवढा कळतो, समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि दोन खाली असले की सरासरी शून्य. सेन्सरला दिसतच नाही, मग इंटिग्रेटर बिचारा नॉइज साठवत बसतो. सिंग्युलर व्हॅल्यूंचा (कुठला मोड सेन्सरला किती दिसतो त्या आकड्यांचा) ग्राफ काढा, शेपटाला एखाददोन धाडकन कोसळलेल्या दिसतील, त्या कापा. पिन्व्ह डिफॉल्टला जवळपास काहीच कापत नाही. शिवाय ०.९९ चा लीक (दर फेरीत साठलेली बेरीज ०.९९ ने गुणणं) लावा. (स्फिअरवाले तर हाच वॅफल मुद्दाम टाकतात, प्रकाश अडवणाऱ्या कोरोनाग्राफमागे झाकलेला तारा नेमका कुठे आहे ते त्या चार ठिपक्यांवरून काढतात.)

धागाकर्ता:
कापल्या, पाच सेकंद झाले, ठिपके नाहीत! आभार. पण लीक लावल्यापासून टिप-टिल्टची (अख्खी प्रतिमा इकडेतिकडे सरकण्याची) दुरुस्ती जरा मागे राहतेय, लीक फक्त वरच्या मोडना लावला तर चालेल का?