मदत हवी आहे: बेभरवशाच्या ब्रासरीत दहा जणांचे जेवण कसे ठरवावे?

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागातील एक ज्येष्ठ सहकारी पुढील महिन्यात निवृत्त होत असून त्यांच्या निरोपाचे जेवण ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शहराच्या मध्यवस्तीतील एक ब्रासरी (बार असलेले फ्रेंच पद्धतीचे उपाहारगृह) त्यांनी स्वतःच सुचवली असल्यामुळे जागा बदलता येणार नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ती बदलायची नाही. लांबलचक बार, भिंतीभर आरसे आणि टेबलांमधून वाट काढणारे वेटर यांमुळे तेथे संध्याकाळ कशी सरते ते कळत नाही. अडचण एवढीच आहे की पुढ्यात काय येईल याचा भरवसा नसतो.

कांद्याच्या सूपचेच पाहा. एखाद्या दिवशी वरचे चीज कडेने करपेपर्यंत भाजलेले असते, खालचा पाव रस पिऊन मऊ झालेला असतो आणि कांद्याला तासभर मंद आचेवर परतल्याचा गोडवा असतो. दुसऱ्या वेळी तेच सूप कोमट येते आणि चीज रबरासारखे ताणले जाते. स्टेकची तीच गत आहे. मीडियम-रेअर सांगितले, म्हणजे मध्यभागी गुलाबी, साधारण ५५ अंश सेल्सिअसचे मांस अपेक्षित असते, पण गर्दीच्या वेळी तयार थाळी वेटरची वाट पाहत गरम दिव्याखाली राहिली की मांस आतून शिजतच राहते आणि टेबलावर येईपर्यंत त्याचा गुलाबीपणा गेलेला असतो. याउलट बदकाचे कॉन्फी (चरबीत मंद आचेवर शिजवलेले मांस) किंवा वाइनमध्ये शिजवलेले बीफ मात्र सहसा बिघडत नाही. ते आधीच तयार असते, आयत्या वेळी फक्त गरम करायचे असते.

पेयांच्या बाबतीत गणित नेमके उलटे आहे. गर्दीच्या रात्री पिंपातील बिअर आणि ग्लासने मिळणारी वाइन ताजी असते, कारण बाटली उघडली की संपते. निवांत दिवशी स्वयंपाकघर मन लावून काम करते, पण वाइन तीन-चार दिवसांपूर्वी उघडलेली निघते आणि तिला चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो. त्यामुळे शुक्रवारची रात्र निवडावी की मंगळवारची, हेच ठरत नाही.

ब्रासरीचे स्वयंपाकघर सहसा दुपारी बंद होत नाही, म्हणून साडेसहाच्या सुमारास बसून गर्दीच्या आधी मुख्य पदार्थ मागवून घ्यावेत, असा एक विचार आहे. मात्र त्याच वेळेस कर्मचाऱ्यांची पाळी बदलत असेल तर सेवेचे हाल होतील अशी शंका येते. ज्यांनी अशा ठिकाणी काम केले आहे त्यांनी यावर कृपया लिहावे. दहा जणांसाठी दोन-तीनच पदार्थांचा ठरावीक मेनू आधी कळवला, तर स्वयंपाकघराला खरोखर मदत होते का, की सगळ्या थाळ्या एकदम काढण्याच्या नादात पहिल्या थंड होतात? वाइन ग्लासऐवजी पूर्ण बाटल्यांनी घेणे मला सोयीचे वाटते. त्यात काही तोटा आहे का?

शिवाय उत्सवमूर्तींना कमी ऐकू येते, त्यामुळे बारपासून दूरचे, शक्यतो कोपऱ्यातील टेबल हवे आहे, परंतु अशा टेबलाकडे वेटर फिरकत नाहीत असाही अनुभव आहे. आणि एखादी थाळी परत पाठवावी लागलीच, तर त्यांना अवघडल्यासारखे न होता ते कसे करावे? आरक्षण या आठवड्यातच करायचे असल्यामुळे दिवस आणि वेळ यांविषयी आधी सुचवल्यास बरे होईल.