उभ्या पिकात शिरलेलं रानडुक्कर रात्री मारायची मुभा शेतकऱ्याला हवी की नको?

भातवाला, कुडाळ
माझं मत स्पष्ट आहे. स्वतःच्या शेतात आलेलं डुक्कर मारायला शेतकऱ्याला कागद घेऊन फिरायला लागू नये.

भाताला दूध धरलं की डुकरं येतात. खातात थोडं, लोळून-तुडवून आडवं करतात जास्त. त्याहून वाईट म्हणजे गांडुळांसाठी मेर, म्हणजे शेताचा बांध, उकरतात. मेर फुटली की वरच्या कुणग्यातलं (खाचरातलं) पाणी उतरून जातं, मग जिथे डुक्कर शिरलंच नाही ते भातही सुकतं. पंचनाम्यात आडवं झालेलं भात मोजतात, फुटलेली मेर कोण मोजतो?

कायद्यात वाट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 11 उभ्या पिकाचं नुकसान धरतं, आणि 2015 मध्ये राज्यानं परवानगीचे अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणले. पण परवानगी हातात पडेपर्यंत पीक राहतं का? शेती संरक्षणाची परवान्याची बंदूक घरात आहे, ती निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. 2019 ची विधानसभा ऑक्टोबरात, 2024 ची नोव्हेंबरात, म्हणजे ऐन कापणीत. केरळनं 2022 मध्ये हा निर्णय पंचायत अध्यक्षाच्या हाती दिला. आपल्या सरपंचाला का नाही?

रानवाट
दादा, नुकसान खरं आहे, उपाय पटत नाही. डुकराचे डोळे बॅटरीच्या उजेडात भेकरासारखे (रानातलं लहान हरीण) चमकत नाहीत. म्हणून रात्री माणूस हलणाऱ्या झुडपावर गोळी घालतो. शिकारीला गेलेला सोबत्याच्याच गोळीनं गेला, अशा बातम्या कोकणात अधूनमधून येतातच.

दुसरं म्हणजे मटण. परवानगीनं मारलेलं डुक्कर खाता येत नाही, वनखात्यासमोर त्याची विल्हेवाट लावायची असते. रात्री दोन वाजता ते बघायला कोण येणार? सकाळपर्यंत वाडीत वाटे घातलेले असतील, आणि पुढच्या आठवड्यात डुकराच्या नावावर भेकर पडेल.

नागभीडकडचा
ताई, बंदूक नाही म्हणून आमच्याकडे कोणी हात बांधून बसत नाही. कुंपणात थेट करंट सोडतात. 2017 मध्ये नागभीड तालुक्यात अशाच तारेला चिकटून विदर्भातल्या गाजलेल्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास मेला. तुमच्या कोकणात फासकी, म्हणजे तारेचा फास, लावतात डुकराला, अडकतो बिबट्या. केरळात 2020 मध्ये गाभण हत्तीण स्फोटकं भरलेल्या फळानं गेली, तीही युक्ती डुकरांसाठीचीच. तार आणि फासकी समोर कोण आहे ते बघत नाही. बंदूकवाला निदान बघू तरी शकतो.

टेक्सासहून
इथली डुकरं मूळची नाहीत, युरोपातून आणलेली आणि मोकाट सुटलेली. तिकडची रानातलीच आहेत, वाघ-बिबट्यांचं खाद्य आहेत. तेव्हा तुलना जपूनच करतो.

टेक्सासमध्ये 2011 च्या कायद्यानं शिकाऱ्यांना हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायची मुभा मिळाली. 2019 पासून खासगी जमिनीवर शिकारीचा परवानाही लागत नाही. रात्री अंधारात दिसणाऱ्या दुर्बिणी लावून लोक शेतात बसतात. तरी डुकरं लाखांनी आहेत. कळपातली दोन पडली की बाकीची पांगतात आणि पुढच्या वेळी सावध होतात. मादी साधारण 115 दिवसांत विते, एका वेताला चार-सहा पिल्लं. टेनेसी राज्यानं 1999 मध्ये शिकार खुली केली, तर शिकारीच्या हौसेपायी लोकांनी नवनव्या भागात डुकरं नेऊन सोडली. 2011 मध्ये ती मौजेची शिकार बंद करावी लागली. मिसूरी राज्यानं 2016 मध्ये संवर्धन खात्याच्या जमिनींवर शिकारीला बंदी घातली आणि अख्खा कळप सापळ्यात धरण्यावर भर दिला.

भातवाला, कुडाळ
टेनेसीचा दाखला हौशी शिकाऱ्यांचा आहे. मी कशाला डुकरं सोडीन? सापळ्याला माझी ना नाही, पण धरलेला कळप नेऊन सोडणार कुठे? पलीकडच्या रानात? तिथेही कोणाचं तरी भात आहे.

सामायिक सातबारा, संगमेश्वर
मूळ कारणाला कोणी हात लावत नाही. आमच्या वाडीत अर्धी शेतं पडीक आहेत. भाऊबंद मुंबईला, सातबाऱ्यावर वीस नावं, कसायला कोणी नाही. रान वाढत वाढत घराच्या पडवीपर्यंत आलंय. डुकराला दिवसा लपायला डोंगर चढावा लागत नाही, ते शेजारच्याच खाचरात झोपतं. अशा ठिकाणी एक मारलं तर त्या जागी दुसरं येणारच.

कुंपणाच्या तारेतून सौम्य झटका देणाऱ्या झटका मशीनला जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. पण एकट्यानं लावली तर डुक्कर बाजूच्या शेतात जातं आणि भांडण आपल्या दारात येतं. सगळ्या मळ्याला मिळून एक तार हवी.

रानवाट
हेच म्हणते मी. पडीक जमीन साफ करायला रोजगार हमीतून माणसं द्या. त्यानं जीव कोणाचाच जात नाही.

भातवाला, कुडाळ
मळ्याला तार आमच्याकडे आहे. पावसात गवत वाढून तारेला टेकतं आणि झटका मरतो. दर चार दिवसांनी गवत कापायचं तर वाडीत उरलीत म्हातारी माणसं. शेवटी राखणीला बसावंच लागतं.

ताईंचा गोळीचा मुद्दा मानतो, म्हणून मागणी नेमकी करतो. भात पोटरीला आल्यापासून (कणीस बाहेर पडायच्या बेतात) कापणीपर्यंतच मुभा द्या. गावात नावं ठरलेले परवानाधारकच, तेही मचाणावरून, म्हणजे गोळी खाली मातीत जाईल. हाका घालून (आरडाओरडा करून) जनावर उठवणं नाही, रानात शिरणं नाही. डुक्कर पडलं की त्याच रात्री वनरक्षकाला फोन. आणि निवडणुकीत ह्या बंदुका जमा करू नका. एवढ्यावर तुमचा आक्षेप काय ते सांगा.