मदत हवी आहे: जिम्नॅस्टिक्सच्या रिंगवर आधी क्रॉस शिकवावा की सरळ प्लँश?

पुरुषांच्या गुणसंहितेत (गुण देण्याच्या नियमावलीत) आयर्न क्रॉस (हात दोन्ही बाजूंना आडवे पसरून शरीर उभं धरणं) बी, पाय जोडलेला म्हणजे सरळ प्लँश (सरळ हातांवर शरीर जमिनीला समांतर धरणं) सी आणि मॉल्टीज (हात बाजूंना पसरून शरीर रिंगच्या उंचीवर आडवं धरणं) डी गटात येतो; गट अवघडपणाच्या चढत्या क्रमाने आहेत. प्रत्येक स्थिती २ सेकंद स्थिर हवी. कोनात ४५ अंशांहून जास्त चूक झाली तर ती स्थिती ग्राह्यच धरली जात नाही. पण हा क्रम प्रत्येक शरीराला लागू पडतो का? क्रॉसमध्ये हात लांब असले की खांद्यावरचा भार वाढतो. प्लँशमध्ये पाय लांब, जड असले की खांदे आणखी पुढे न्यावे लागतात. उंच मुलांना म्हणूनच प्लँश फार छळतो.

क्रॉसमध्ये कोपर आतून दुखतं, तेव्हा पुलीचं (शरीराचा भार हलका करणाऱ्या दोर-चाकाचं) वजन घाईने कमी केलेलं असतं की पकड चुकलेली असते? पुलीवर किती किलो उरल्यावर मोकळा (पुलीशिवाय) क्रॉस करू द्यावा? शिकवणाऱ्यांनी कृपया आकड्यांसह सांगा.