वादळावर चालणारा टॉवर: माझं कुठे चुकतंय?

पोफळवाडी:
आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिसला मुंबईच्या किनाऱ्यावरचा साठ मजली, २०० मीटरचा टॉवर घेतलाय. वादळी वारा, मुसळधार पाऊस आणि आकाशातली वीज, तिन्हींतून ऊर्जा काढायची. गाईड म्हणतात, आधी आकडे दाखव.

हे डोक्यात का बसलं ते सांगतो. ३ जून २०२०ला, निसर्ग वादळात, मी श्रीवर्धनला आजीकडे होतो. माजघरात डोक्यावर पाट धरून बसलो होतो आणि वरून कौलांच्या ओळीच्या ओळी जात होत्या. वारा पडल्यावर मागचं दार उघडलं, तर थेट पलीकडच्या आळीतलं घर दिसलं. मधल्या पोफळी सगळ्या आडव्या. पुढे महिनाभर कंदील. एवढी ताकद अंगावरून गेली आणि आम्ही अंधारात, हे अजून पचत नाही.

पाणीवाला:
पावसाचा हिशोब करून देतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. गच्ची १,००० चौरस मीटर धर, म्हणजे ९४४ टन पाणी. ते २०० मीटर खाली सोडलंस आणि गळती-घर्षण काहीच धरलं नाही, तरी साधारण ५१५ युनिट. दोन फ्लॅटचं महिन्याचं बिल, तेही तसल्या पावसात. अख्ख्या वर्षाचे सव्वादोन मीटर धरलेस तर बाराशेच्या आसपास. पडत्या पाण्यावर फिरून वीज करणारं टर्बाइन काढ, पाणी ठेव. मधल्या सर्व्हिस फ्लोअरवर, म्हणजे पाइप-यंत्रांच्या मजल्यावर, टाकी दे, खालच्या मजल्यांच्या फ्लशला पंप लागणार नाही.

आकाशातली वीज सोडच. बरीचशी ऊर्जा हवा तापवण्यातच जाते आणि उरलेली डोळ्याचं पातं लवायच्या आत येते.

मनामाकर:
वारा मात्र सोडू नकोस. इथे बहारीन वर्ल्ड ट्रेड सेंटरचे २४० मीटरचे दोन मनोरे शिडासारखे आहेत, समुद्राचा वारा मधल्या फटीत दाबून आणतात. फटीत तीन पूल, प्रत्येकावर २९ मीटर व्यासाचं, २२५ किलोवॉटचं टर्बाइन. चीनमधल्या ग्वांगझूच्या पर्ल रिव्हर टॉवरमध्ये इमारतीतच टर्बाइनसाठी चार आरपार बोगदे ठेवलेत, त्यामुळे इमारतीवरचा वाऱ्याचा दाबही कमी होतो. तुला हा बोगदा जास्त उपयोगी.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याची ताकद आठपट होते, म्हणून वादळाचा मोह पडतो. पण नेहमीची मोठी टर्बाइन ताशी ९० किमीच्या आसपास थांबवावी लागतात. तुझ्या आजीच्या वाडीत त्या दुपारी ते बंदच असतं. जपानच्या चॅलेनर्जीने पात्यांऐवजी फिरते दंडगोल लावून वादळातही चालणारं यंत्र केलंय, पण इशिगाकी बेटावर त्यांनी उभारलेलं यंत्र १० किलोवॉटचंच होतं. तुझा खरा वारा जून ते सप्टेंबरचा नैऋत्येचा. बोगद्यांची तोंडं तिकडे कर. आणि कंपनांचं स्ट्रक्चरवाल्या सरांना आधीच विचार, वर माणसं झोपणार आहेत.

पोफळवाडी:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सेक्शन, म्हणजे टॉवरचा उभा छेद, पुन्हा काढला. पावसाच्या पाण्यावरचं टर्बाइन गेलं, ३० आणि ४५व्या मजल्यावर बोगदे आले, टाकी २०व्यावर. आता मला वादळातून वीज नकोच. वादळ गेल्यावर सात दिवस एक लिफ्ट, पिण्याच्या पाण्याचा पंप आणि प्रत्येक घरात एक दिवा चालू राहिला पाहिजे. त्याला बॅटरी किती लागेल?

पाणीवाला:
घरं किती, पंप किती एचपीचा आणि लिफ्टच्या दिवसाला फेऱ्या किती, एवढं टाक. आज रात्री बसतो.